निंदूनही केना परत येतो? आधी तो कोणता, ते पाहा

खरिपात मला सगळ्यात जास्त वेळा दाखवलं जाणारं झाड म्हणजे केना हे तण. कोणी मोबाइलवर फोटो आणतो, कोणी मुठीत चुरगळलेली फांदी. प्रश्न ठरलेला: "भाऊ, हा मरत काहून नाही?" बहुतेक वेळा घोळ झाड ओळखण्यापाशीच झालेला असतो, आणि त्यावर निंदणाची (खुरपणीची) मजुरी आणि औषधाचे पैसे दोन्ही जातात.

आमच्याकडं केना या एकाच नावाखाली दोन जवळच्या जाती वावरतात. शास्त्रीय नावं कॉमेलिना बेंगालेन्सिस आणि कॉमेलिना डिफ्यूजा. दोघांची फुलं निळी, दोघांचं खोड रसाळ, दोघांची पेरं ओल्या मातीला टेकली की मुळं धरतात. इथं मी पहिल्याला रुंद केना आणि दुसऱ्याला अरुंद केना म्हणतो. ही नावं या लिखाणापुरती. गावात विचाराल तर कोणी ओळखणार नाही. कामाचा फरक मातीखाली आहे. रुंद केना जमिनीच्या आतही फुलतो आणि तिथंच बी धरतो. अरुंद केना सगळं बी वरच धरतो. वरून दोन्ही साफ केले तरी एकाचा साठा वावरातच राहतो, तो यामुळे.

यवतमाळकडच्या कपाशीवाल्याला हा घोळ फारसा होत नसावा, त्याच्याकडं बहुतेक रुंद केनाच असतो. नागपूर-भंडाऱ्याच्या सीमेवरचा आमचा भिवापूर-पवनी पट्टा मात्र मधला. धुऱ्याच्या (बांधाच्या) एका अंगाला काळ्या मातीत सोयाबीन-तूर, दुसऱ्या अंगाला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणा (भातलावणी). त्यात जिथं जिथं गोसीखुर्द धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, तिथं ओल उन्हाळ्यातही टिकते. दोन्ही केने एकाच वावराच्या दोन टोकांना सापडतात, मधे कुठंतरी भेटतातही.

लक्षणं

निंदण होऊन आठ-दहा दिवस जात नाहीत तोच त्याच तासात (पिकाच्या ओळीत) कोवळा केना उभा. डवरा (कोळपं) फिरवल्यावर तण कमी व्हायचं सोडून पसरतं. वेलाचे जितके तुकडे, तितक्या ठिकाणी हिरवं. गवताचं म्हणून आणलेलं तणनाशक मारलं तर गवत पिवळं पडतं आणि केना त्याच्या मोकळ्या जागेत आणखी माजतो. उपटून धुऱ्यावर टाकलेला ढीग कितीतरी दिवस हिरवाच राहतो, खालून मुळंही सोडतो. शेजाऱ्यानं बांधीत केलेला उपाय त्याला लागू पडला, तुमच्या सोयाबीनमध्ये नाही. मागच्या वर्षी जवळपास एकही निळं फूल दिसू दिलं नाही, तरी यंदा त्याच पट्ट्यात दाट.

यातली बरीचशी लक्षणं दोघांनाही लागू आहेत. शेवटचं मात्र रुंद केन्याकडं बोट दाखवतं, कारण वर फूल नसताना बी आलं कुठून याचं दुसरं सरळ उत्तर नाही. शेजाऱ्याचा उपाय न चालणं हेही महत्त्वाचं. तो खोटं बोलत नसतो, त्याच्याकडचं झाड वेगळं असतं.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, अंग मोडणाऱ्या नंतर.

हा केनाच आहे ना?

सकाळी जा. केन्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळून चिकट होतं. दुपारी जेवण करून वावरात जाणाऱ्याला केन्याचं धड फूल कधी दिसतच नाही, आणि मग नुसत्या पानांवरून वाद चालतो.

फुलाच्या दोन पाकळ्या मोठ्या, निळ्या, वर उभारलेल्या. तिसरी खाली, लहान. फूल एका दुमडलेल्या हिरव्या पानातून बाहेर येतं. हे दुमडलेलं पान जणू द्रोणच, आणि पुढं त्याला मी द्रोणच म्हणणार आहे. द्रोण नसेल तर तो केना नाही. त्याच कुळातली दोन-तीन बारकी झाडं आमच्या बांध्यांत असतात. एकाची फुलं बारीक, जांभळट, तिन्ही पाकळ्या सारख्या आणि द्रोण नाही; ते मर्डानिया. दुसऱ्याच्या फुलात पुंकेसरांवर निळसर-जांभळ्या केसांचा झुपका असतो, ते सायनोटिस. लांबून पाहिलं तर तिन्ही 'केन्यासारखंच काहीतरी'.

ही तपासणी इतकी सोपी असूनही सगळ्यात जास्त पैसे वाचवते. केना दिसायला गवताच्या जवळचा, उगवतानाही एकाच दलाचा. म्हणून कृषी केंद्रात "गवताचं औषध द्या" म्हटलं जातं आणि दुकानदार क्विझालोफॉपच्या जातीचं काहीतरी काढून देतो. हे औषध गवताच्या कुळातच काम करतं. केना एकदल असला तरी गवत नाही, त्याचं कुळ वेगळं, आणि त्याच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. मात्रा वाढवून उपयोग नाही. रुंद असो की अरुंद, ही बाटली परत कपाटात ठेवा.

उगवला कुठं?

यालाही खर्च नाही, पण याच्यावर निकाल देऊ नका. रुंद केना निचऱ्याच्या जागी रमतो: सोयाबीन-कपाशीचे तास, तुरीखालची सावली, संत्र्याच्या बागेतली आळी, घरामागची वाडी. अरुंद केन्याला पाय ओले लागतात: बांधीची पाळ, पाटाचा काठ, बोडीची (लहान तळ्याची) कड, विहिरीवरून पाणी सांडून झालेली दलदल.

जागा एवढंच सांगते की पैज कोणावर लावायची. पाळीचा माथा कोरडा असतो, तिथं रुंद केना बसतो; त्याच पाळीच्या पायथ्याशी, हातभर खाली, अरुंद. झडीच्या दिवसांत सोयाबीनच्या वावरातही पाणी साचून अरुंद केना घुसलेला पाहिला आहे. जागेवरून अंदाज करा, आणि पुढची तपासणी त्या अंदाजाच्या विरुद्ध जाते का ते पाहा.

पान आणि पानाच्या बुडाचे केस

इथं लोक घाई करतात. "रुंद पान दिसलं, झालं." पानाची रुंदी कामाची आहे, पण एकटी पुरत नाही.

रुंद केन्याचं पान अंडाकार, साधारण रुंदीच्या दुप्पट लांब, आणि बुडाशी आखूड देठासारखं निमुळतं. अरुंद केन्याचं पान भाल्याच्या पात्यासारखं, रुंदीच्या तीन-चार पट लांब, टोकाकडं निमुळतं होत गेलेलं, आणि बिनदेठाचं थेट खोडाला चिकटलेलं. पण खडकाळ जागी, पावसानं ताण दिला की रुंद केन्याची पानं आखडतात. उलट दाट पिकाच्या सावलीत अरुंद केन्याचं पान पसरट दिसू लागतं. कोवळ्या रोपाची पहिली पानं तर कोणाच्याच बाजूनं साक्ष देत नाहीत. म्हणून एका झाडावरून नको. चार झाडांची, खोडाच्या मधल्या भागातली पानं पाहा.

मग पानाच्या बुडाकडं या. तिथं पान खोडाला वेढून बसतं, एक नळी तयार होते. त्या नळीच्या तोंडाशी रुंद केन्याला लांब, तांबूस केस असतात. खोड उन्हाकडं धरलं की स्पष्ट दिसतात. पानावरून बोट फिरवलं तरी थोडी लव जाणवते. अरुंद केन्याचं पान हाताला गुळगुळीत लागतं. नळीच्या कडेला क्वचित थोडे केस असतात, पण तो तांबूस झुपका नाही.

आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात खोडं चिखलानं माखलेली असतात आणि केस त्याखाली झोपतात. खोड पाण्यात हलवून धुवा, झटका, मग पाहा. न धुता केलेल्या या तपासणीला माझ्या लेखी किंमत नाही.

या खुणेवर एवढा वेळ घालवायचं कारण म्हणजे ती फुलावर अवलंबून नाही. रुंद केन्यात वरचं पहिलं निळं फूल दिसण्याआधीच जमिनीत फुलं धरायला सुरुवात झालेली असते. फुलाची वाट पाहून ओळख पक्की करायची म्हटलं तर ओळख पक्की होते आणि उपायाची वेळ निघून जाते. जुलैत, फूल नसताना, तांबूस केस हीच हाताशी असलेली खूण.

द्रोण: जोडलेला की उघडा

फूल आलं असेल तर जमिनीवरची सगळ्यात भरवशाची खूण ही. फूल सुकलं तरी चालतं, द्रोण टिकतो.

एक द्रोण चिमटीत धरा आणि त्याच्या मागच्या कडा नखानं हळूच विलग करून पाहा. रुंद केन्याच्या द्रोणाच्या कडा मागून एकमेकींना जुळून गेलेल्या असतात, वरून उघडं आणि खाली बंद असं नरसाळं तयार होतं. ओढलं तर फाटतं. दाबलं तर आतून चिकट पाणी येतं. गुराख्याच्या पोरांना हे माहीत असतं. असे दोन-तीन द्रोण फांदीच्या टोकाशी दाटीनं बसतात, त्यांना देठ जवळपास नसतोच, आणि त्यांच्या अंगावर लव असते.

अरुंद केन्याचा द्रोण म्हणजे मधोमध घडी घातलेलं पान. कडा बुडापर्यंत मोकळ्या, त्यामुळे न फाटता पूर्ण उघडता येतो. टोक लांबट, अणकुचीदार. प्रत्येक द्रोण एकेकटा, पानासमोर, आपल्या स्वतंत्र देठावर. हा देठ एखाद-दोन सेंटिमीटर तरी असतो, कधी त्याहून लांब.

पान, जागा आणि द्रोण यांत भांडण लागलं तर मी द्रोणाचं ऐकतो. पान ऊन-सावलीप्रमाणे बदलतं, द्रोणाची शिवण बदलत नाही. फोटो पाठवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: वरून काढलेला निळ्या फुलाचा सुंदर फोटो माझ्या उपयोगाचा नाही. फूल बाजूला सारा आणि द्रोण मागून दाखवा.

खुरपं घ्या

इथून पुढं घाम आहे, पण निर्णयही इथंच होतो.

पाऊस उघडून वाफसा आला की महिनाभराचं, चांगलं पसरलेलं झाड निवडा. शेंडा धरून उपटू नका. जे पाहायचं आहे ते अगदी नाजूक असतं आणि मातीतच तुटून राहतं. झाडाभोवती वीतभर अंतर सोडून खुरप्यानं माती सैल करा, ढेकळासकट उचला, बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. काळी माती सुटायला वेळ घेते. तोवर चहा पिऊन या.

आता बुंध्याशी पाहा. मुळं तर असतातच: बारीक, फाटे फुटलेली, पेरं नसलेली. त्यांच्यातूनच पांढुरक्या, बिनपानाच्या काड्या खाली किंवा आडव्या गेलेल्या दिसतात का? त्यांना पेरं असतात, म्हणजे ती मुळं नव्हेत, ती खोडंच. त्यांच्या टोकाशी किंवा पेरांशी बारीक फुगीर गाठी असतील, तर त्याच जमिनीतल्या कळ्या आणि बोंडं. ही फुलं कधी उमलत नाहीत. बंद कळीतच स्वतःचं परागण उरकतात आणि बी भरतात. वरच्या बोंडात साधारण पाच बिया, एक मोठी आणि चार लहान. जमिनीतल्या बोंडात कमी बिया, पण त्यांतली मोठी बी वरच्यापेक्षा वजनदार. तिच्यात शिदोरी जास्त, म्हणून ती जास्त खोलीतून वर येऊ शकते.

अरुंद केना असाच काढून धुतला तर फक्त पेरांतून सुटलेली मुळं मिळतील.

या तपासणीचं वाचन एकतर्फी आहे, हे विसरू नका. पांढऱ्या काड्यांवर गाठी सापडल्या तर अरुंद केना बाद झाला. नाही सापडल्या तर मात्र 'अरुंदच' असं म्हणता येत नाही. झाड कोवळं असेल, काड्या तुटल्या असतील, माती नीट धुतली नसेल. दोन-तीन झाडं काढा, आणि त्यांतलं एक तरी जुनं, बुंध्याशी जाड झालेलं असू द्या.

फारच हौस असेल तर पाण्याची पारदर्शक बाटली कापून तिच्यात माती भरा, एक फांदी लावा आणि बाटलीभोवती काळा कागद गुंडाळा. अधूनमधून कागद काढून पाहिलं तर काठाशी पांढऱ्या काड्या उतरताना दिसू शकतात. शाळेतल्या पोरांसाठी उत्तम. वावराचा निर्णय त्यावर थांबवू नका, कारण सोयाबीन तेवढं थांबणार नाही.

कोणता आहे ते कळलं; मग?

रुंद केना असेल तर खेळ वेळेचा आहे. उगवल्यापासून पहिल्या महिनाभरात, जमिनीत बी धरण्याआधी तो निघाला पाहिजे. बाया निंदायला येतात तेव्हा सांगावं लागतं की शेंडा खुडून भागणार नाही, खुरपं बुंध्याखाली घाला. एका निंदणात काम संपत नाही, कारण याचं बी एकदम उगवत नाही. पावसाच्या प्रत्येक सरीनंतर थोडं थोडं वर येत राहतं. दुसरा आणि तिसरा हात त्याच पट्ट्यांवर फिरवावा लागतो. सगळं वावर निंदण्यापेक्षा दाट पट्ट्यांना खुंट्या ठोकून तिथंच मजुरी लावणं परवडतं.

निघालेलं तण चुंगडीत (पोत्यात) भरून वावराबाहेर काढा. ओल्या धुऱ्यावर फेकलेला केना म्हणजे पुढच्या महिन्याची लागवड. उघाड असेल तर ताडपत्रीवर किंवा पत्र्यावर पसरून पूर्ण वाळू द्या. फवारणी झालेली नसेल तर गुरं आवडीनं खातात, तोही मार्ग चांगला. डवरा झडीत, ओल्या मातीत फिरवू नका. तुकडे पडतात आणि प्रत्येक पेर मुळं धरतं. दोन-तीन दिवस कडक उघाड दिसत असेल तेव्हाच डवरा घाला, म्हणजे तुकडे सुकून जातात.

खोल नांगरटीवर माझा फारसा विश्वास नाही. बारीक बी खोल गेलं की वर येत नाही, हे खरं. पण जमिनीतली मोठी बी तेवढ्यानं हरत नाही, आणि पुढच्या वर्षीचा नांगर यंदाचं गाडलेलं पुन्हा वर आणतो. त्यापेक्षा सोयाबीन वेळेवर पेरून ओळी लवकर झाकल्या गेल्या तर केन्याला ऊन मिळत नाही, ते जास्त कामाला येतं.

अरुंद केना असेल तर वावर सोडून पाणी जिथून येतं तिकडं चालायला लागा. पाटाचा काठ, बोडीची कड, वरच्या बांधीची पाळ. बी सगळं वर असल्यामुळे फुलं दिसू लागल्यावर उपटलं तरी उशीर झालेला नसतो. बोंडं भरण्याआधी काढलं की पुरे. याची ताकद तुकड्यांत आहे. चिखलणीच्या वेळी पाळीवरचा केना तोडून बांधीतच तुडवला तर तो चिखलात मुळं धरतो, आणि तुटलेले वेल पाण्याबरोबर खालच्या बांधीत पोचतात. चिखलणीच्या आधी पाळ साफ करा, काढलेलं तण पाण्याच्या वाटेपासून दूर टाका. रोवण्याच्या घाईत हे कोणालाच नको असतं. पण खालच्या बांधीवाल्याशी वर्षभर भांडण्यापेक्षा स्वस्त आहे.

इथं थांबा

पान अरुंद, त्याच्या कडा लहरदार, द्रोणाच्या कडा जुळलेल्या आणि जमिनीत पांढऱ्या काड्यांवर गाठीही आहेत? मग तो या दोघांपैकी कोणीच नसण्याची शक्यता मोठी. कॉमेलिना फोर्सकाओली नावाची तिसरी जात अशी असते, आणि महाराष्ट्रात केन्याच्या आणखीही जाती आहेत. इथं अंदाज बांधत बसू नका; नमुना करून जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. निर्णय येईपर्यंत त्याला रुंद केना समजून वागा. चुकलं तर एक निंदण जास्तीचं होईल. उलट चूक झाली तर बी मातीत जाईल.

तणनाशकाचा विचार आला की माझ्यासारख्याला विचारणं बंद करा. यात नम्रता नाही, तीन कारणं आहेत. पहिलं, रुंद केना ग्लायफोसेट या तणनाशकाला बऱ्यापैकी सहन करतो. अमेरिकेत तो १९८३ पासून केंद्रीय घातक तणांच्या यादीत आहे, आणि जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस पसरल्यावर तिथल्या कपाशीतलं तो मोठं डोकेदुखीचं तण झाला. बाकीची तणं मेली, मोकळं रान याला मिळालं. दुसरं, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. शेजाऱ्याकडून अर्धी बाटली मागून आणण्याची ही गोष्टच नाही. तिसरं कारण विदर्भाला सांगायला नको. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, पण पंप, फडकं आणि उघडे पाय तेच.

कोणतं औषध, कोणत्या पिकात, पिकाच्या कोणत्या वयात, हे कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्र सांगेल. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ विदर्भाच्या पिकांसाठी शिफारशी काढतं, त्या मागा. जबलपूरला तणांवर काम करणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्रातले लोक गरज पडल्यास तिथं विचारू शकतात. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. विचारताना "केना" एवढंच न सांगता द्रोण जोडलेला की उघडा हे सांगा, पीक आणि पेरणीची तारीख सांगा. फवारणी करताना गरगरलं, मळमळलं, डोळ्यापुढं अंधुक झालं तर काम तिथंच टाकून आंघोळ करा आणि बाटलीचं लेबल घेऊन दवाखाना गाठा.

भाजीचंही इथंच सांगून टाकतो. पावसाळ्यात कोवळ्या केन्याची भाजी आणि भजी आमच्याकडं होतात, आणि तो रुंद केना. पण फवारलेल्या वावरातला, त्याच्या धुऱ्यावरचा किंवा ओळख पक्की नसलेला केना घरात आणू नका. घरची म्हातारी "हा तो नव्हे" म्हणाली तर तिच्याशी वाद घालण्याआधी द्रोण उघडून पाहा.

नमुना कसा न्यायचा

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला केना दुपारपर्यंत काळा लगदा होतो आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सकाळी, दव उतरल्यावर, फुलासकट आणि बुंध्यासकट झाड काढा. मुळं धुवा, पांढऱ्या काड्या असतील तर त्या तुटू देऊ नका. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत झाड पसरा, एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल, एक द्रोण उघडून ठेवा. वर पुस्तकांचं किंवा पाटीचं वजन. खोड पाणीदार असल्यामुळे पहिले काही दिवस रोज कागद बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. फूल कागदावर विरघळून जातं, म्हणून काढण्याआधी त्याचा समोरून एक आणि द्रोणाचा मागून एक असे फोटो घेऊन ठेवा.

सोबत चिठ्ठी: गाव, तालुका, तारीख, जागा (तास, पाळ, पाटाचा काठ), जमीन काळी की मुरमाड, पीक कोणतं, आधी काय फवारलं आणि केव्हा. काही फवारलं नसेल तर तेही लिहा.